शेजारच्या मुस्लिम मैत्रिणीला येशूबद्दल कसं सांगावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, नोकरी पुण्यात मगरपट्ट्यात, राहायला कोंढव्यात भाड्याने. शेजारच्या मुस्लिम भाभींशी चांगली जवळीक झाली आहे, ताटं इकडून तिकडे जातात. ऑफिसातला एक मुस्लिम सहकारी जेवताना त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच, ही आपली शिकवण) आणि बायबल बदललं आहे का याबद्दल विचारतो, तेव्हा तुम्हाला उत्तर सुचत नाही. मंडळीतल्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, तरुण संघाने तुमच्या हातात धर्मप्रसाराच्या पत्रिकांचा गठ्ठा दिला आहे आणि इतके दिवस शेजारी राहून तोंड उघडलं नाही म्हणून बोलही लावला आहे. मैत्री न तोडता बोलायचं कसं, आणि गप्प राहणं म्हणजे प्रभूला नाकारणं आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी निवृत्त परिचारिका आहे. लग्नानंतरचं सगळं आयुष्य कॅम्प आणि कोंढव्याच्या मधल्या वस्त्यांत गेलं. शेजार बहुतेक मुस्लिम. मंडळीच्या महिला मंडळात याच विषयावर बायकांशी बरंच बोलणं होतं. म्हणून पुस्तकातलं कमी आणि वापरातलं जास्त सांगते.

आधी तो गठ्ठा. तो इमारतीत वाटू नका. भाड्याने राहणाऱ्या एकट्या मुलीने टपालपेटीत पत्रिका टाकल्या तर संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येईल, घरमालक तुम्हाला जागा सोडायला सांगेल, आणि भाभींना वाटेल की आजवरचा सगळा जिव्हाळा या कागदासाठी होता. यातलं शेवटचं मला सर्वांत वाईट वाटतं. ज्याच्याशी रोज बोलता येतं त्याला कागद सरकवणं म्हणजे बोलणं टाळणंच आहे. संघातल्या मुलांची कळकळ खरी आहे, त्यांना शांतपणे सांगा की माझा शेजार मी सांभाळते.

आता मूळ अडचण. विषय कसा काढायचा याची तुम्हाला भीती वाटते. पण मुस्लिम घरात देवाचा विषय काढावा लागत नाही. पोराची परीक्षा असो, गावाला जाणं असो, नवीन फ्रिज असो, इन्शाअल्ला आणि माशाअल्ला ओठांवर असतंच. देवाचं नाव घ्यायला अवघडतो ते आपण. गावी जेवणाआधी मोठ्याने प्रार्थना म्हणणारी मुलगी कॅन्टीनमध्ये डोळे मिटायलाही कचरते. भाभींना तुम्ही ख्रिस्ती आहात हे ठाऊक आहे. तुम्ही रोज प्रार्थना करता हे त्यांना ठाऊक आहे का? उपास करता, पवित्र शास्त्र वाचता, राग आला तर देवापुढे रडता, हे कधी त्यांच्या कानावर गेलं आहे का?

हे विचारते कारण पुष्कळ मुस्लिम बायकांच्या मनातला ख्रिस्ती माणूस सिनेमातून आलेला असतो: हातात दारूचा ग्लास, तोकडे कपडे, गळ्यात क्रूस. आपणही उपास करतो हे ऐकून माझ्या शेजारणी थक्क झालेल्या मी पाहिल्या आहेत. २०२६ साली राखेचा बुधवार, म्हणजे आमच्या उपासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आला आणि रमजानही त्याच सुमाराला लागला. त्या दिवसांत आमच्या जिन्यावर जेवढं बोलणं झालं तेवढं एरवी वर्षभर होत नाही. तुम्ही का उपास करता, काय खाता, किती दिवस, देव त्याने खूश होतो का, असं एकातून एक निघत गेलं. मी सांगितलं की आमचा उपास देवाकडून काही मिळवण्यासाठी नसतो. त्याने आधीच दिलेली क्षमा आठवण्यासाठी असतो. माझी सगळी सुवार्ता त्या एका वाक्यात होती, आणि ती ऐकायला समोरची बाई स्वतःहून थांबली होती.

तेव्हा पहिलं काम भाषण तयार करण्याचं नाही. तुमची भक्ती दाराआड ठेवू नका, एवढंच. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला सदैव तयार राहा असं सांगितलं आहे. तिथे कुणीतरी विचारतं आहे हे धरलेलं आहे. आपल्या जगण्यात विचारण्यासारखं काही दिसलं तरच कुणी विचारणार.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मी इथून ठरवू शकत नाही. भाभी एकत्र कुटुंबात राहतात की नवरा-बायको दोघंच? सासूबाईंना तुमचं येणं-जाणं आवडतं का? घरातलं वळण कसं आहे? पुण्यातले मुस्लिम म्हणजे एक साचा नाही. गुरुवारी खेड शिवापूरला कमर अली दरवेशांच्या दर्ग्यावर जाणारं घर वेगळं आणि दर्ग्यावर जाणंच गैर मानणारं घर वेगळं. कॅम्पातले बोहरी वेगळे, सातारा-सोलापूरकडून आलेले आणि घरातही मराठी बोलणारे वेगळे. पहिल्या घरात नवस, दुवा, मन्नत यांवरून बोलणं सहज पुढे जातं. दुसऱ्या घरात आयत (कुराणातलं वचन) आणि हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) यांचा आधार विचारला जातो. माझी एकच सवय सांगते: मुस्लिम काय मानतात हे गृहीत धरू नका, भाभी काय मानतात ते भाभींना विचारा. आणि विचारल्यावर शेवटपर्यंत ऐका, मध्येच आपलं घुसवू नका.

अधिकाराचा एक मुद्दा मी फार कडकपणे पाळते. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी रुग्णापुढे स्वतःहून धर्म काढला नाही. पलंगावर पडलेला माणूस माझ्या सुईच्या, माझ्या पाण्याच्या आधारावर असतो. तो नाही म्हणू शकत नाही. ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक नाही त्याच्यापुढे साक्ष देणं, आपल्या विश्वासाबद्दल सांगणं, म्हणजे दबाव टाकणं. हाच नियम तुमच्या हाताखाली काम करणाऱ्याला, घरकामाच्या बाईला, शिकवणीच्या मुलांना लागू आहे. भाभींच्या लेकरांना त्यांच्या आई-बापाच्या पाठीमागे येशूच्या गोष्टी सांगू नका. पैसे, नोकरी, शाळेतला प्रवेश यांची मदत करायची असेल तर बिनशर्त करा आणि त्या दिवशी धर्माबद्दल एक अक्षरही बोलू नका, म्हणजे दोघांची गाठ कुणाच्या मनात पडणार नाही.

प्रार्थनेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या अनुभवात शेजारधर्म आणि साक्ष इथेच एकत्र येतात. भाभी काही दुःख सांगतात, तेव्हा आपण "मी प्रार्थना करीन" म्हणून निघून येतो. त्याऐवजी विचारा, "मी आत्ता, इथेच, तुमच्यासाठी दुवा मागू का? आम्ही येशूच्या नावाने मागतो, चालेल?" आधी सांगायचं म्हणजे फसवल्यासारखं होत नाही. बहुतेक वेळा हो म्हणतात. मग त्यांना कळेल अशा भाषेत, हिंदीत किंवा मराठीत, दोन-चार वाक्यांत देवाशी बोला. प्रार्थनेच्या आडून उपदेश करू नका, डोळे मिटलेल्या माणसाला तो लगेच कळतो. बरं होईलच असं वचन देऊ नका. आणि आठवड्याने विचारायला विसरू नका की आता कसं आहे.

आमच्या मजल्यावरच्या एका शेजारणीची आई अतिदक्षता विभागात होती. मी तिच्या परवानगीने प्रार्थना केली, रोज करत राहिले, आणि आई गेली. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण पोचवतात. तेव्हा मी आणि आमच्या मंडळीतल्या दोघी-तिघी डाळ-भात, अंडाकरी करून नेत होतो. मांस नेलं नाही, कारण आमच्या घरचं हलाल आहे का हा प्रश्न त्या दिवसांत त्यांच्या मनात यायला नको होता. मी तिथे बसले, रडले, धर्माबद्दल काही बोलले नाही. काही महिन्यांनी तिनेच विचारलं, "तुमच्यात मेल्यावर काय होतं?" मी तिला योहानाच्या अकराव्या अध्यायातली गोष्ट सांगितली: लाजर वारला, येशू चार दिवसांनी आला, मार्था म्हणाली तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, आणि कबरेकडे जाताना येशू रडला. ती तिथेच अडली. "ईसा अलैहिस्सलाम रडले? त्यांना तर ठाऊक होतं ना की ते त्याला जिवंत करणार?" मृतांना जिवंत करणारा ईसा तिला कुराणातून माहीत होता. रडणारा माहीत नव्हता. त्या दुपारी आम्ही त्यावरच बोललो: देव आपल्या दुःखाला लांबून बघतो की त्यात उतरतो? ती आजही मुस्लिम आहे आणि माझी मैत्रीण आहे. पण तो प्रश्न तिने टाकून दिलेला नाही, अधूनमधून त्यावर परत येते.

यात मी वाद घातला नाही, गोष्ट सांगितली. शुभवर्तमानातल्या दहा-बारा गोष्टी तुम्हाला पुस्तक न उघडता, स्वयंपाक करता करता सांगता आल्या पाहिजेत. उधळ्या मुलाची सांगा, त्यातला बाप आपली अब्रू बाजूला ठेवून धावतो हे इभ्रत जपणाऱ्या घरांना आपल्यापेक्षा लवकर भिडतं. विहिरीवरची शोमरोनी बाई सांगा. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई सांगा: पाळीच्या दिवसांत नमाज आणि रोजे थांबवावे लागणाऱ्या बायकांपुढे ती गोष्ट मी सांगते तेव्हा खोली शांत होते. तिने शिवलं तरी येशू विटाळला नाही, तीच शुद्ध झाली.

आणि त्यांच्याही गोष्टी ऐका. मरियम हे कुराणात नावाने आलेलं एकमेव स्त्रीनाव, एकोणिसावी सूरा, म्हणजे अध्याय, तिच्या नावाची आहे. त्यात मरियम कळा सोसत खजुराच्या झाडाखाली येते आणि तिला ताजे खजूर मिळतात. नाताळात करंज्यांचं ताट घेऊन जाल तेव्हा भाभींना विचारा की तुमच्यात ईसांचा जन्म कसा सांगतात. त्या सांगतील, मग तुम्ही लूकच्या दुसऱ्या अध्यायातली गव्हाण सांगा. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं म्हणू नका, कारण त्या एकच नाहीत. पण दोन बायका मरियमेच्या बाळंतपणाबद्दल बोलत बसतात तेव्हा दाराला आधीच फट पडलेली असते.

खाण्याचं थोडक्यात: नाताळचा केक द्याल तर त्यात रम नाही याची खात्री करा आणि तसं सांगा. मटण-चिकन हलाल दुकानातून आणा. डुकराचं मांस शिजवलेल्या भांड्यातलं काहीही देऊ नका. पवित्र शास्त्र जमिनीवर किंवा चपलांजवळ ठेवू नका. कुराण कापडात गुंडाळून उंच ठेवणाऱ्या घराला आपलं रेघोट्या मारलेलं, सोफ्यावर पडलेलं बायबल बघून वाटतं की यांना आपल्याच ग्रंथाची किंमत नाही.

आता ऑफिसातला सहकारी. तो पुरुष आहे, तुम्ही मुलगी आहात. जेवणाच्या टेबलावर, चारचौघांत बोला. रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक निरोपांची देवाणघेवाण करू नका. बोलणं खोलात जाऊ लागलं तर मंडळीतल्या एखाद्या समंजस भावाशी त्याची ओळख करून द्या. विश्वासाच्या गप्पांतून भलतं नातं उभं राहिलं तर दोन्ही घरांना त्रास होतो, आणि मग त्याने काहीही मानलं तरी ते कशासाठी मानलं हे त्यालाही कळत नाही.

त्याचे प्रश्न नवे नाहीत. त्रैक्याबद्दल विचारलं की आपले लोक पाणी-बर्फ-वाफ सांगतात, अंड्याचे तीन भाग सांगतात. हे देऊ नका. पाणी एका वेळी एकाच रूपात असतं आणि अंड्याचा भाग म्हणजे पूर्ण अंडं नव्हे, त्यामुळे ही उदाहरणं आपल्याच शिकवणीनुसार चुकीची आहेत आणि हुशार माणूस ती लगेच मोडतो. मी आधी एकत्व सांगते. येशूला सर्वांत मोठी आज्ञा विचारली तेव्हा त्याने आपला देव प्रभू एकच आहे इथून सुरुवात केली, मार्क १२:२९. आम्ही तीन देव मानत नाही, देवाला बायको आहे असं मानत नाही, मरियमेशी देवाचा शरीरसंबंध ही कल्पना आम्हालाही निंदा वाटते, हे स्वच्छ सांगा. कुराणाच्या ११२ व्या सूरेत देव कुणाला जन्म देत नाही असं म्हटलं आहे आणि त्याच्या मनात तोच अर्थ बसलेला असतो. पुत्र म्हणताना आम्ही जन्म देणं म्हणत नाही. पित्याचं स्वरूप, त्याचा सनातन शब्द, जो देह धारण करून आला, योहानाचा पहिला अध्याय.

पण व्याख्येवर थांबू नका, मार्कच्या दुसऱ्या अध्यायाकडे जा. चार माणसं पक्षाघात झालेल्या एकाला छप्पर उचकटून खाली सोडतात. येशू त्याला बरं करण्याआधी म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. बसलेले शास्त्री मनात म्हणतात, देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? मग सहकाऱ्याला विचारा, त्यांचा प्रश्न बरोबर होता की चूक? माझ्या अनुभवात इथे माणूस विचारात पडतो, कारण प्रश्न बरोबर होता हे त्यालाही मान्य असतं.

बायबल बदललं आहे, हा दुसरा प्रश्न. सौम्यपणे विचारा: कधी बदललं असं तुम्ही मानता, पैगंबरांच्या आधी की नंतर? पैगंबर सन ६३२ मध्ये वारले. ग्रीक बायबलच्या सिनाई आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या हस्तलिखित प्रती चौथ्या शतकातल्या आहेत. सिनाई प्रतीचा बराचसा भाग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्यातला नवा करार पूर्ण आहे. आपल्या हातातलं शुभवर्तमान त्यांच्याशी ताडून पाहता येतं. कुराणाच्या पाचव्या सूरेत (५:४७) इंजीलच्या (येशूला दिलेल्या ग्रंथाच्या) लोकांनी त्यात उतरलेल्याप्रमाणे न्याय करावा असंही म्हटलं आहे, म्हणजे त्या काळी इंजील लोकांच्या हातात होतं. त्याच वेळी लपवाछपवी करू नका. हस्तलिखितांत फरक आहेत. मार्कचा शेवट (१६:९-२०) आणि व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट (योहान ७:५३-८:११) सर्वांत जुन्या प्रतींत नाही, आणि आपल्या छापील बायबलांत तशी टीप अनेकदा असते. हे तुम्ही आधी सांगितलंत तर तो तुमच्यावर विश्वास ठेवेल. नंतर त्याला कुठल्याशा व्हिडिओत सापडलं तर ठेवणार नाही.

क्रूस हा मात्र खरा मतभेद आहे. सूरा ४:१५७ नुसार ईसांना त्यांनी मारलं नाही, क्रूसावर चढवलं नाही. हे येशूच्या विरोधात म्हटलेलं नाही हे लक्षात घ्या. देव आपल्या सन्मानित सेवकाची अशी विटंबना होऊ देणार नाही, असा तो आदर आहे. त्या आदराचं आधी मोल करा. मग सांगा की आमच्या मते देवाने ती विटंबना टाळली नाही, स्वतः पत्करली, आणि तिसऱ्या दिवशी उठवून सन्मान दिला. इथे दोघांचं जुळणार नाही. जुळल्यासारखं दाखवू नका, क्रूस वगळून उरलेला येशू तो आधीच मानतो.

आणि कधीतरी तो विचारेल, आमच्या रसूलांबद्दल तुला काय वाटतं? त्यांच्याबद्दल एकही हलका शब्द तोंडातून जाऊ देऊ नका, मित्रांच्या ग्रुपवरही नाही. मी असं म्हणते: "त्यांनी लोकांना मूर्तींपासून एका देवाकडे वळवलं हे मला माहीत आहे आणि तुमचं त्यांच्यावर किती प्रेम आहे तेही मी पाहते. मी त्यांना शेवटचे पैगंबर मानलं असतं तर मुस्लिम झाले असते. देव स्वतःला पूर्णपणे येशूत दाखवून गेला असं मी मानते, म्हणून मी ख्रिस्ती आहे." यावर माझ्याशी कुणी भांडलेलं नाही. कुराणही ग्रंथधारकांशी उत्तम रीतीनेच वाद करावा असं सांगतं (२९:४६), आणि चांगला मुस्लिम ते मानतो.

आतापर्यंतचं एकत्र धरायचं तर: पत्रिका नाही, दडवलेली भक्ती नाही, परवानगी घेऊन प्रार्थना, तोंडपाठ गोष्टी, आणि मतभेद जिथे आहे तिथे तो स्पष्ट सांगणं.

भाभींनाही वाटत असेल की तुम्ही मुस्लिम व्हावं. वाटायलाच हवं, त्यांच्या मते तो तुमच्या भल्याचा मार्ग आहे. त्यांनी कलमा शिकवायला घेतला किंवा कुराणाचा मराठी अनुवाद दिला तर चिडू नका. अनुवाद वाचा. जो हक्क आपल्याला हवा तो त्यांनाही आहे. इफ्तारला बोलावलं तर जा. नमाजच्या वेळी शांत बसा, सोबत नमाज पढू नका, आणि का नाही ते विचारल्यास सांगा.

कायद्याचं माहीत असू द्या. राज्यघटनेच्या कलम २५ नुसार सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. आपला विश्वास समजावून सांगणं हा प्रसार. मला त्या निकालाने कधी अडवलं नाही, कारण मन बदलणं हे माणसाचं काम आहे असं मी मानतच नाही. हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे, त्यामुळे एकमेकांच्या धर्मावर तुटून पडणारे व्हिडिओ पुढे पाठवू नका. राज्याराज्यांतले धर्मांतराबाबतचे कायदे बदलत असतात, तेव्हा प्रत्यक्ष कुणी धर्म बदलण्याबद्दल बोलू लागलं तर पाळकसाहेबांना आणि वकिलाला आधी भेटा.

तशी वेळ आलीच तर घाई करू नका. मुस्लिम बाईने येशूच्या मागे जायचं ठरवलं तर लग्न, मुलं, माहेर, मुलीची सोयरीक, उद्याचं दफन, सगळं हलतं. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याच्या कलम ४ नुसार केवळ इस्लाम सोडल्याने तिचं लग्न आपोआप मोडत नाही. पण कागदावर लग्न टिकणं आणि घर टिकणं यांत अंतर आहे. तिला बाप्तिस्म्याच्या फोटोसाठी पुढे ढकलणारी आणि महिन्याभराने फोन न उचलणारी मंडळी मी पाहिली आहे, आणि त्याचा मला आजही संताप येतो. तिच्यासोबत वर्षानुवर्षं उभं राहायची तयारी नसेल तर तिला त्या उंबऱ्यापर्यंत नेऊ नका. नवऱ्यापासून लपवायला तिला शिकवू नका. येशूकडे येणं म्हणजे आईबापाचा तिरस्कार करणं, मुस्लिमांबद्दल वाईट बोलणं, असं तिला कुणी सांगत असेल तर त्याला थांबवा.

राहिला तुमच्या मनाला लागलेला प्रश्न: गप्प राहणं म्हणजे नाकारणं का? विचारल्यावर लपवणं म्हणजे नाकारणं, येशूला पकडल्यावर पेत्राने अंगणात मी त्याला ओळखत नाही म्हटलं तसं. विचारण्याची वाट बघत, दार उघडं ठेवून जगणं म्हणजे नाकारणं नव्हे. पण हेही प्रामाणिकपणे तपासा की तुम्ही वाट बघता आहात की टाळता आहात. मी स्वतःला यासाठी एक प्रश्न विचारते: या आठवड्यात मी तिच्यासाठी देवापुढे तिचं नाव घेतलं का? घेतलं असेल तर संधी आली की तोंड आपोआप उघडतं. घेतलं नसेल तर अडचण धैर्याची नाही, प्रेमाची आहे, आणि ते मागून मिळतं.

मैत्री टिकेल याची हमी मात्र मी देणार नाही. एखाद्या घरी येशूबद्दल सरळ बोलल्यावर येणं-जाणं कमी झालं, असंही झालं आहे. तरी ताटं पाठवणं मी थांबवलं नाही. भाभींनी कधीच काही मानलं नाही तरी तुम्ही त्यांच्या शेजारीण राहणार आहात का, याचं उत्तर आधी स्वतःशी ठरवा. ते हो असेल तर तुमच्या बोलण्यातला ताण निघून जाईल, आणि तो गेला की समोरच्यालाही मोकळं वाटतं.

ग्रंथ द्यायची वेळ आली, म्हणजे त्यांनी मागितला, तर सगळं बायबल एकदम देऊ नका. लूकचं शुभवर्तमान द्या, जकरिया आणि याह्या (आपला बाप्तिस्मा करणारा योहान) यांच्यापासून सुरू होतं, ती नावं त्यांच्या ओळखीची आहेत. उर्दू माध्यमात शिकल्या असतील तर उर्दू प्रत, नाहीतर मराठी किंवा हिंदी. बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या प्रती या तिन्ही भाषांत मिळतात. नवी कोरी, खुणा नसलेली प्रत घ्या, स्वच्छ कापडात गुंडाळून दोन्ही हातांनी द्या, आणि घरात ठेवायला अडचण असेल तर तुमच्याकडे येऊन वाचा असं सांगा. सहकाऱ्याने पुढचा प्रश्न काय विचारला ते इथेच लिहा. त्याचा नेमका शब्द कळला तर नेमकं उत्तर देता येईल.